जुनी थार काढून नवी घेऊ का? आधी चासीखाली झोपून बघा

पाऊस सुरू झाला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, अरे माझी जुनी गाडी आता काढू का, महिंद्राची नवी थार घेऊ का, का सरळ तिचीच मोठी बहीण रॉक्स घेऊ, तू बदललीस ना मग सांग. मी एकच विचारतो, गेल्या वर्षभरात फोर लो (फोर बाय फोरमधला, म्हणजे चारही चाकं ओढतात त्यातला, सगळ्यात हळू आणि ताकदीचा गिअर) कितीदा टाकलास? पलीकडून 'अं...' येतं आणि मग विषय सनरूफवर जातो.

माझी २०१४ ची थार सीआरडीई होती, म्हणजे जुनी डिझेल थार, मुंबईचं एमएच ०२ पासिंग. ती बदलायची का नाही यावर मी दोन वर्षं घोळ घातला, घरात भांडणं झाली, शेवटी बदलली. त्यात जे कळलं ते लिहितोय. थारचंच उदाहरण जास्त येईल कारण माझे हात तिच्यातच काळे झालेत, पण मारुतीच्या जिप्सीवाल्यांसाठीही थोडं आहे.

सगळ्यात आधी, शोरूमला जायचं नाही. एकदा त्या नवीन गाडीच्या सीटवर बसलात की पुढचा सगळा हिशोब तुम्ही तिच्याच बाजूने करणार. त्याऐवजी फास्टॅगचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि एका वहीत चार रकाने करा, शहरात किती दिवस, हायवेला किती, कच्च्या रस्त्याला किती, आणि फोर बाय फोर खरंच लागलं असे किती. माझं काय निघालं माहितीये का, जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी विक्रोळी लिंक रोड) पवईला ऑफिस दोनशेच्या वर दिवस, मुंबईबाहेर अकरा वेळा, त्यात कच्चा रस्ता सहा वेळा, आणि फोर लो टाकल्याशिवाय निघालोच नसतो असे दिवस तीन. तीन! आणि ग्रुपमध्ये मी ऑफरोडर म्हणून मिरवत होतो.

आता त्या तीन दिवसांत गाडी अडली कुठे ते आठवा, आणि अडली ती गाडीमुळे, टायरमुळे का तुमच्यामुळे हे प्रामाणिकपणे लिहा. माझा किस्सा सांगतो. जुलैमध्ये कर्जतच्या पुढे एका शेताच्या रस्त्यावर लाल चिखलात गाडी अशी बसली की मागची दोन्ही चाकं आळीपाळीने नुसती फिरतायत, मी रेस देतोय, चिखल काचेपर्यंत, आणि मनात ठरवूनही टाकलं की बस झालं, लॉकरवाली नवीन गाडीच पाहिजे (माझ्या २०१४ च्या मॉडेलला मागे डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर, नव्हता, तो २०१५ च्या फेसलिफ्टमध्ये आला). तेवढ्यात मागून एक म्हातारी जिप्सी आली, ८० हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास, ती माझ्या बाजूने टुकूटुकू निघून गेली आणि वर जाऊन थांबली. त्या काकांनी खाली येऊन माझ्या टायरवर बोट ठेवलं. नखाएवढीसुद्धा नक्षी उरली नव्हती आणि हवा होती ३२, म्हणजे मी हायवेची हवा घेऊन चिखलात घुसलो होतो. काकांनी हवा १८ वर आणली, टोचन लावायची वेळच आली नाही, गाडी स्वतःच्या पायांनी बाहेर.

तर पहिला खर्च हा टायरचा. २३५/७० आर १६ चे चार ऑल टेरेन टायर मला चाळीस हजारांच्या आसपास पडले, एक छोटा कॉम्प्रेसर घेतला, मागचे थकलेले पाटे (लीफ स्प्रिंग) दुरुस्त केले, शॉक अब्जॉर्बर आणि बुश बदलले, आणि पुढची दीड वर्षं गाडी कुठेच अडली नाही. तुमच्या वहीतली अडचण या खर्चात सुटत असेल तर नव्या गाडीचा विषय तिथेच बंद करा, पंधरा लाख वाचले. चिखलासाठी गाडी बदलणारे बहुतेक लोक खरं तर टायर बदलायला हवे होते, हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

पण हे सगळं चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, चांगली असेल तरच. मुंबईत गाडीला सगळ्यात मोठा शत्रू खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, त्यात आपण हौसेने गाडी किनाऱ्यावर नेतो (नेऊ नका, अलिबाग काशीदला भरतीत फसलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी येतात आणि प्रशासन कारवाईपण करतं). गाडी रॅम्पवर घ्या, अंगाखाली पुठ्ठा टाका आणि खाली झोपून स्वतः बघा, मेकॅनिक सांगतो यावर जाऊ नका. एक मोठा पेचकस घ्या आणि त्याच्या मुठीने चासीच्या दोन्ही लांब बीमवर ठोकत जा, चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, सडलेलं धप्प वाजतं, एकदा ऐकलंत की कळतं. मागच्या पाट्यांचे हँगर, बॉडी माउंटच्या खालची जागा, पुढे सस्पेन्शन जिथे चासीला येऊन मिळतं ते कोपरे, चासीला पाणी निघायला भोकं असतात ती चिखलाने बुजलीत का, हे सगळं. वरून काळा अंडरकोटिंगचा थर जाड दिसला तर जास्त संशय घ्या, त्याच्या खाली काय काय लपवलेलं असतं. माझ्याकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका मिस्त्रीने मागच्या हँगरजवळ पेचकसाचं टोक टेकवलं आणि नुसतं दाबलं, पापुद्रा निघाला तीन बोटं रुंद. तो म्हणाला, "साहब, इंजन बनता है, चासी नहीं बनती." पापुद्राच होता, आरपार नव्हतं, म्हणून वेल्डिंग आणि रंग करून निभावलं. आरपार भोक असतं तर मी पुढचं काही न बघता गाडी काढली असती.

इंजिन गिअरबॉक्सचं त्यामानाने सोपं. सकाळी थंड गाडी चालू करून धूर बघा, ऑइल फिलरचं झाकण उघडून किती वाफ मारते बघा, आणि फोर लो वर्षभर टाकला नसेल तर मोकळ्या कच्च्या जागेत टाकून बघा, लिव्हर सरळ बसला पाहिजे आणि परत निघालाही पाहिजे. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळू नका म्हणजे झालं, पार्ट टाइम सिस्टीम आहे, पुढच्या मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

मग कागद. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, म्हणजे माझी २०२९ ला संपली असती. त्यानंतर फिटनेस करून पाच पाच वर्षं वाढवता येते, पण एप्रिल २०२२ पासून कारच्या या रिन्यूअलची फी ६०० वरून ५,००० झालीये, वर राज्याचा पर्यावरण कर, आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली लागते ते वेगळं. डिझेलवाल्यांना कोणीतरी घाबरवतं की दहा वर्षांत गाडी बंद होणार, तो नियम दिल्ली एनसीआरचा, आपल्याकडे तसा नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने हवेच्या प्रदूषणाचा विषय लावून धरल्यावर राज्य सरकारने मुंबई परिसरात पेट्रोल डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे बघायला सात जणांची समिती नेमली, त्यामुळे जुनं डिझेल अजून दहा वर्षं ठेवायचा प्लॅन असेल तर बातम्यांवर एक डोळा ठेवा.

बरं, समजा चासी ठीक, कागद ठीक, तरी नवीन पाहिजेच. मग नवीन नेमकं काय देते ते बघू. जुनी सीआरडीई २.५ लिटरची, १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन मीटर, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमी. ऑक्टोबर २०२० ला आलेली थार डिझेलमध्ये २.२ लिटर, १३० हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन मीटर, क्लिअरन्स २२६ मिमी, पाण्यातून ६५० मिमीपर्यंत जाते असं कंपनी सांगते. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आले. गंमत म्हणजे पुढचा अॅप्रोच अँगल (पुढचं बंपर न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो कोन) जुन्या गाडीचा जास्त आहे, ४४ अंश, नवीचा ४१.८. पण मागचा डिपार्चर (मागचा भाग न घासता उतरायचा कोन) २७ वरून ३६.८ झालाय, आणि चढावरून उतरताना जुनीची मागची हुक किती वेळा जमिनीला घासलीये ते मला विचारा. म्हणजे डोंगरात फरक आहे, पण जमीन अस्मानाचा नाही, जिथे नवी जाते तिथल्या बऱ्याच ठिकाणी चांगल्या टायरवरची जुनीपण जाते, फक्त ड्रायव्हरला घाम जास्त येतो. आणि हो, ६५० मिमी हा आकडा शांत पाण्याचा आणि सावकाश चालवायचा आहे, हिंदमाता किंवा मिलन सबवेला समोरून बेस्टची बस लाट मारत येते तेव्हाचा नाही.

जमीन अस्मानाचा फरक आहे तो डांबरी रस्त्यावर, आणि माझा निर्णय तिथेच झाला. जुन्या थारला एअरबॅग कधीच नव्हत्या, चाकं लॉक होऊ न देणारा एबीएस आला तो अगदी शेवटी २०१९ मध्ये, आणि मागे काय तर दोन समोरासमोर बेंच. माझी मुलगी त्या बेंचवर बसायची, पाय टेकत नव्हते, एका हाताने रोल बारला धरलेलं. कसारा घाटात एका टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मी पण मारला, चाकं लॉक झाली, गाडी वाकडी घसरत थांबली आणि मागे ती बेंचवरून सरकून सरळ माझ्या सीटच्या पाठीवर आली. लागलं काही नाही, कपाळावर थोडंसं. ती हसली पण. बायको काही बोलली नाही, इगतपुरी येईपर्यंत काही बोलली नाही, आणि मला कळलं. नवीन थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार मिळाले, पुढे दोन एअरबॅग, एबीएस, मागच्या सीट पुढे तोंड करून आणि त्यांना नीट बेल्ट. तुमच्या वहीत मागच्या सीटवर कोण बसतं हा रकाना नसेल तर आत्ता टाका, आणि तिथे मुलं किंवा आई वडील असतील तर माझ्या मते टायर, लॉकर, अँगल ही सगळी चर्चा दुय्यम आहे. एकटे किंवा दोघेच फिरत असाल तर जुनी ठेवायला हरकत नाही, खुशाल ठेवा.

घ्यायचं ठरलं तर आता इथे लोक फसतात. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, बाकी या वर्गातल्या गाड्यांना ४०. म्हणून १.५ डिझेलची थार स्वस्त दिसते आणि लोक खूश होऊन बुक करतात, पण ती फक्त मागच्या चाकांवर चालते, तिला फोर बाय फोर मिळतच नाही! दिसायला तीच गाडी. तसंच रॉक्सचं, ऑगस्ट २०२४ ला आली, पाच दरवाजे, भारत एनकॅपचे पाच स्टार, सगळं छान, पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये, पेट्रोल रॉक्स घेऊन तुम्ही सीआरडीईवरून अपग्रेड केलं असं म्हणाल तर चिखलात तुमचा डाउनग्रेड झालेला असेल. आणि मेकॅनिकल डिफ लॉक प्रत्येक व्हेरिएंटला नसतो, काहींना ब्रेकने चाक धरणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम असते, तेव्हा बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहून घ्या, सेल्समनच्या "सर सगळं आहे त्यात" वर जाऊ नका. त्या पोराला बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं.

डिझेल का पेट्रोल, यात एक मुंबईची खास भानगड आहे. बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या, डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी, आणि ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ सलग एका चांगल्या वेगात चालावी लागते. जोगेश्वरी ते पवई सकाळी पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाडीला तो वेग मिळणार कुठे, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. आपल्या जुन्या सीआरडीईला ही कटकटच नव्हती, म्हणून जुने डिझेलवाले इथे हमखास चकतात. मी डिझेलच घेतली, पण दर दुसऱ्या रविवारी पहाटे अहमदाबाद हायवेने मनोरपर्यंत जाऊन मिसळ खाऊन येतो, गाडीचंपण होतं आणि माझंपण. हे जमणार नसेल आणि रनिंग शहरातलंच असेल तर २.० टर्बो पेट्रोल घ्या, १५० हॉर्सपॉवर आहे, पेट्रोल पिते, पण डोक्याला ताप नाही.

जिप्सीवाले, तुमचं वेगळं. जिप्सीवरून थारला आलात तर जड वाटेल, मारुतीचीच जिम्नी एकदा चालवून बघा, जून २०२३ पासून आपल्याकडे पाच दरवाज्यांची मिळते, १.५ पेट्रोल, १०५ हॉर्सपॉवर, वजन १२०० किलोच्या आसपास, पुढेमागे सलग अॅक्सल तसेच ठेवलेत पण पाट्यांऐवजी कॉइल, सहा एअरबॅग. हलकी गाडी चिखलात तरंगते, कर्जतला मी ते डोळ्यांनी पाहिलंय. ताकदीचं म्हणाल तर चढावर थोडी दमते. आणि ज्यांना पुढे मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉकर आणि कंपनीकडून स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारा पाइप) पाहिजे त्यांच्यासाठी फोर्सची गुरखा आहे, पण तशा माणसाला हे वाचायची गरज नाही.

पार्किंग! हे कोणी सांगत नाही. जुनी थार १७२६ मिमी रुंद, नवी १८२०, रॉक्स १८७०, आणि हे आरसे सोडून. लांबीला जुनी ३९२०, नवी ३९८५, रॉक्स एकदम ४४२८. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) आहे, तिथे मी रविवारी टेप घेऊन गेलो, दोन खांबांमधलं अंतर मोजलं, नव्या गाडीचे दरवाजे पूर्ण उघडत नाहीत हे तिथेच कळलं, रॉक्स तर बादच झाली. उंचीपण बघा, बरेच स्टॅक सेडानच्या मापाचे असतात. शिवाय आईला घेऊन जा आणि मागच्या सीटवर चढायला सांगा, तीन दरवाज्यांच्या थारमध्ये पुढची सीट सरकवून वाकून आत शिरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते एकदाच जमतं, दुसऱ्यांदा ती 'तुम्ही जाऊन या' म्हणते.

पैशाचं थोडक्यात. एक्स शोरूम १५ लाखाची गाडी धरा, महाराष्ट्रात १० ते २० लाखातल्या डिझेलला १४ टक्के रोड टॅक्स म्हणजे २ लाख १० हजार, पेट्रोलला १२ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, वर इन्शुरन्स. दहा लाखाचं लोन पाच वर्षं ९ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता २०,७५८ आणि नुसतं व्याज जवळपास अडीच लाख. आता जुन्या गाडीचा गेल्या दोन वर्षांचा गॅरेजचा खर्च काढा आणि महिन्याला किती पडला ते बघा. माझा साडेचार हजार पडत होता. म्हणजे 'जुनी गाडी परवडत नाही' हे कारण साफ खोटं निघालं, मी ते घरी सांगणं बंद केलं. मधला रस्ता म्हणून दोन तीन वर्षं वापरलेली बीएस ६ थार घेता येते, फक्त तो पेचकस घेऊन जा, आणि सीटखालचं कार्पेट उचलून बघा, खाली रेती निघाली तर नमस्कार करून परत या.

आणि नवी घेतली की लगेच लिफ्ट किट, बाहेर आलेले मोठे टायर, बुल बार हे करू नका. बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलंय, आणि जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. क्लेमच्या वेळी सर्वेअर हेच आधी बघतो.

जुनी विकताना एक्स्चेंजला लगेच हो म्हणू नका. फोर बाय फोरची किंमत कळणारा माणूस बाहेर मिळतो, मला एक्स्चेंजपेक्षा बरेच जास्त देणारा माणूस मुरबाडला मिळाला, त्याला शेतावर पाहिजे होती. पेंडिंग ई चलन आधी भरा नाहीतर ट्रान्सफर अडतं, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० स्वतः नीट भरून द्या, लोन होतं तर आरसीवरची लोनची नोंद काढायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि ट्रान्सफर झालं का ते नंतर ऑनलाइन बघत राहा, 'एजंट करतो सगळं' म्हणून सोडून देऊ नका. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो तुमचा असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत, त्याचं सर्टिफिकेट जुन्या इन्शुरन्सवाल्याकडून मागून घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा, मी तिथे चांगले पैसे वाचवले.

फक्त जुना फास्टॅग बंद करायला विसरलो. गाडी दिल्यावर तिसऱ्याच दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मेसेज, खालापूर टोल, पैसे कटले. संध्याकाळी परत. पुढच्या शनिवारी परत. तो माणूस मुरबाडला शेती करणार होता, तो पुण्याला माझ्या पैशाने काय करतो हे विचारायला फोन केला तर म्हणाला, "दादा, गाडी घाट काय मस्त चढते हो!"